कोंबडी कशी पाळली हे अंड्यावर छापणे सक्तीचे व्हावे, यासाठी खेड्यातून काय करता येईल?

प्रश्न – बचत गटाची सदस्य, देवळी तालुका, जि. वर्धा

आमच्या गटातील बायका परसात मोकळ्या कोंबड्या पाळून आठवडी बाजारात अंडी विकतात. त्याच बाजारात फार्मवरची तपकिरी अंडी 'गावरानी' म्हणून आमच्याच भावात विकली जातात आणि गिऱ्हाइकाला फरक कळण्याचा कोणताही मार्ग नाही. आमचे नुकसान होते हे खरेच, पण मला त्याहून जास्त पिंजऱ्यातल्या कोंबडीचे वाईट वाटते. तिच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटीमीटर जागा येते, म्हणजे ए-फोर कागदाएवढीही नाही. तेवढ्या जागेत तिला पंख पसरता येत नाहीत, मातीत लोळता येत नाही आणि आडोशाला बसून अंडे घालता येत नाही. विकत घेणाऱ्याला हे माहीत असते, तर त्याने कदाचित वेगळा विचार केला असता. पालनाची पद्धत छापण्याची सक्ती कायद्याने करता येईल का, आणि ती मागणी कोणाकडे करायची?

उत्तर – निवृत्त पशुवैद्यक, अमरावती

ताई, पहिली गोष्ट म्हणजे कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवरून ठरतो, ती कशी पाळली यावरून नाही. त्यामुळे रंग पाहून 'गावरानी' ओळखणारा ग्राहक हमखास फसतो.

आपल्याकडे अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे आणि त्याखालील लेबलविषयक नियम २०२० चे आहेत. त्यांनुसार पाकिटावर शाकाहारासाठी हिरवे वर्तुळ आणि मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण असतो. ही खूण पदार्थात काय आहे एवढेच सांगते, जनावर कसे जगले याबद्दल काहीच सांगत नाही. जन्मभर एका खुंट्याला बांधलेल्या म्हशीच्या दुधालाही हिरवेच वर्तुळ मिळते. दिशाभूल करणाऱ्या दाव्यांना २०१८ च्या नियमांनी मनाई आहे, पण ती दावा केला तरच लागू होते. जो गप्प बसतो त्याला कोणी काही विचारत नाही.

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. लेबल ऐच्छिक ठेवले तर चांगले पाळणारा तेवढा बोलेल आणि पिंजरा अदृश्यच राहील. युरोपीय संघाने २००४ पासून अंड्यावर शिक्का सक्तीचा केला, तो याच कारणाने मला महत्त्वाचा वाटतो. त्यात ० म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे बाहेर मोकळे फिरणारी, २ म्हणजे शेडमध्ये पण पिंजऱ्याविना आणि ३ म्हणजे पिंजऱ्यातली. तिथे साध्या पिंजऱ्यांवर २०१२ पासून बंदी आहे, मात्र ७५० चौरस सेंटीमीटरचे सुधारित पिंजरे चालतात, म्हणून ३ हा आकडा आजही दिसतो. आपल्या विधी आयोगानेही २०१७ मध्ये अंडी देणाऱ्या आणि मांसाच्या कोंबड्यांच्या पालनावर २६९ वा अहवाल दिला आहे. अर्जात त्याचा उल्लेख अवश्य करा.

उत्तर – लेअर फार्म चालक, उमरेड तालुका

मी पिंजऱ्यात कोंबड्या ठेवतो. विष्ठा खाली पडत असल्याने रक्ती हगवण कमी होते, आणि शेड व पिंजरे बँकेच्या कर्जातून उभे राहिले आहेत. ताईंचा मुद्दा मला पटतो. पक्षी दाटीत आहेत हे मला रोज दिसते. मात्र उद्या माझ्या अंड्यावर 'पिंजरा' छापले आणि व्यापाऱ्याने त्याच दिवशी भाव पाडला, तर पिंजरे काढायला लागणारा पैसाच माझ्या हाती राहणार नाही. युरोपने १९९९ मध्ये निर्णय घेऊन २०१२ पर्यंत मुदत दिली होती. मागणी करताना आम्हालाही अशी मुदत मागा.

उत्तर – ग्राहक चळवळीतील कार्यकर्ता, चंद्रपूर

लेबलचे नियम केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरण करते, म्हणून ग्रामसभेचा ठराव तेवढ्यावर पुरत नाही. नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध होतो आणि साधारणपणे ६० दिवस कोणीही नागरिक हरकती व सूचना पाठवू शकतो. मसुदा निघालेला नसला तरी निवेदन द्यावे, त्याची प्रत आपल्या खासदारांना द्यावी आणि त्यांनी लोकसभेत प्रश्न विचारावा असा आग्रह धरावा.

आपल्याकडे अंडी बहुतेक सुटीच विकली जातात. त्यामुळे केवळ पाकिटावरच्या लेबलची मागणी केली तर खेड्यातला बाजार सुटूनच जाईल. शिक्का अंड्यावर आणि फलक ट्रेपाशी, अशी मागणी हवी. त्याचबरोबर तुमच्यासारख्या परसातल्या पालकांना सूट मागा, नाहीतर शिक्क्याचा खर्च सर्वांत आधी तुमच्याच डोक्यावर बसेल. युरोपात ५० पर्यंत कोंबड्या पाळणाऱ्यांना स्थानिक बाजारात, विक्रीच्या जागी नाव-पत्ता लावण्याच्या अटीवर, शिक्क्यातून सूट देता येते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. निवेदनाचा मसुदा गटाच्या पुढच्या बैठकीत ठेवते. उमरेडच्या भाऊंना विचारायचे आहे की मुदतीचा मुद्दा मी त्यात घातला, तर तुमच्यासह आणखी काही फार्मचालक खाली सही कराल का? पाळणारे आणि खाणारे दोघांच्याही सह्या असल्या तर निवेदनाला वजन येईल.

लेअर फार्म चालक, उमरेड तालुका

मुदत आणि पिंजरे बदलण्यासाठी कर्जाची सोय, या दोन्ही गोष्टी असतील तर मी सही करतो. आमच्या भागातल्या इतरांशीही बोलतो, पण मसुदा आधी वाचायला पाठवा.