मदत हवी आहे: थ्रीडी रेंडरमधले (संगणकाने सीनवरून काढलेल्या चित्रातले) पांढरे ठिपके जात नाहीयेत, उद्या सकाळी फाइल द्यायचीय

रात्रपाळी: बेडरूमचा सीन आहे, चादरीवर आणि छतावर चमकते पांढरे ठिपके येतायत, सॅम्पल (प्रत्येक पिक्सेलमागे सोडायचे किरण) १०२४ चे ४०९६ केले, एका फ्रेमला ४० मिनिटं लागतात तरी ठिपके आहेतच, डिनॉइझर (ठिपके पुसणारा फिल्टर) लावला तर त्यांचे डाग होतात आणि चादरीची वीणच पुसली जाते. प्लीज लवकर सांगा.

घनमूळ: सॉफ्टवेअर कुठलं, चित्र काढणारं इंजिन कुठलं, उजेड कशाचा? सॅम्पल चौपट केले की नॉइज (ठिपक्यांची खरखर) निम्माच होतो, त्या वाटेने जाऊ नकोस.

रात्रपाळी: ब्लेंडर, सायकल्स. बाहेर सन लाइट, उजेड खिडकीतून येतो.

खटपट्या: ईव्हीवर, म्हणजे ब्लेंडरच्याच दुसऱ्या वेगवान इंजिनवर, टाक सरळ. माझी सगळी कामं त्यातच होतात, फ्रेम काही सेकंदात.

घनमूळ: बंद खोलीत भिंतीवरून उसळणारा उजेड ईव्ही अंदाजाने काढतो. आदल्या रात्री इंजिन बदललं तर सगळं लाइटिंग परत करावं लागेल त्याला.

खटपट्या: प्रोब बेक केले, म्हणजे उसळणारा उजेड आधीच मोजून साठवला, की छान दिसतं, मी करून बघितलंय. बरं मग इनडायरेक्ट क्लॅम्प (उसळलेल्या उजेडाची कमाल मर्यादा) किती आहे?

रात्रपाळी: ० केलाय, एका व्हिडिओत बघून.

खटपट्या: ० म्हणजे बंद! मुळात १० असतो. ३ वर आण.

सावली७: ब्लेंडर ४.० पासून एजीएक्स (रंग दाखवायची पद्धत) आलंय, रंग फिके वाटले तर लुक बदलून बघ.

रात्रपाळी: रंगाचं नाही हो विचारलं.

घनमूळ: क्लॅम्पने ठिपके दबतील पण खोलीही अंधारेल. खिडकीला काच लावलीयस का?

रात्रपाळी: हो, खिडकी आहे म्हटल्यावर काच असणारच ना.

घनमूळ: मग तिथेच घोडं अडलंय. ग्लास शेडरच्या (काचेच्या मटेरियलच्या) आड सूर्य थेट सापडत नाही, भिंतीवरून निघालेला एखादाच किरण नशिबाने काचेतून सूर्यावर जातो आणि तो पिक्सेल पेटतो. लाइट पाथ नोड घे, 'इज शॅडो रे' मिक्स शेडरच्या फॅक्टरला जोड, वर ग्लास, खाली ट्रान्सपरंट, म्हणजे सावली तपासणाऱ्या किरणांना काच आडवी येणार नाही. घाई असेल तर काच उडवूनच टाक.

रात्रपाळी: केलं!! ५१२ सॅम्पलमध्ये छत साफ, क्लॅम्प १० वर, डिनॉइझर लावूनही चादरीचा धागा न् धागा दिसतोय. फक्त पितळी दिव्याशेजारच्या भिंतीवर चारपाच ठिपके उरलेत.

घनमूळ: रिफ्लेक्टिव्ह कॉस्टिक्सची (चकचकीत वस्तूवरून उसळून भिंतीवर पडणाऱ्या उजेडाची) टिक काढ.

रात्रपाळी: गेले. रेंडर लावलाय.