बापाचा हातमाग भंगारात? हत्यारं आणि वाकळीचा वारस ठरवायचा कोणी?

साखरपेठकर
काल इथं एकानं लिहिलं : "वडील गेले, हातमागाचं लाकूड जळणाला दिलं, लोखंड भंगारात घातलं. गेलेल्याच्या वस्तू कवटाळू नयेत, घर मोकळं करावं." खाली कौतुकाची रांग. वाचून डोकं फिरलं.

अहो, मागाच्या पावड्या, म्हणजे पायानं दाबायच्या फळ्या, त्या माणसाच्या पायाच्या मापानं बांधलेल्या असतात, आडवं सूत नेणाऱ्या धोट्याचं वजन त्याच्या हाताला बसलेलं असतं. उभं सूत ओवायची कुठली फणी कुठल्या सुताला, हे त्याच्याच डोक्यात. ते विचारून घेतलं नाही की मागं खरंच नुसतं लाकूड उरतं. म्हणून कोणाला काय द्यायचं हे धन्यानं धडधाकट असतानाच सांगावं, जमलं तर हातात द्यावं. खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू, आणि तेरावं उरकलं की भंगारवाल्याला हाक?

पूर्वभागातला
मीच तो. दोन खोल्यांचं घर आमचं. खड्डामाग होता, खड्डा बुजवल्याशिवाय तिथं कॉट बसत नव्हती. लाकडाला वाळवी. वडील स्वतःच यंत्रमागावर कामाला लागले होते, मागाला हात लावणं त्यांनीच सोडलेलं. तुमच्याकडं जागा आहे म्हणून तुम्हाला प्रेम परवडतं.

साखरपेठकर
धोटा आणि फणी ठेवायला किती जागा लागते? पुण्याच्या केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते आहेत, ते असेच घराघरातून गोळा केलेले.

पूर्वभागातला
काचेत ठेवलेला धोटा काय कापड विणतो?

कोर्टाजवळचा
मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. सही दोन साक्षीदारांसमोर करा, त्यांच्याही सह्या घ्या. जंगम वस्तू हयातीत हातात दिली तरी बक्षीस पूर्ण होतं. काहीच केलं नाही, तर हिंदू वारसा कायदा 1956 प्रमाणे बायको, आई, मुलगे, मुली सगळ्यांचा सारखा वाटा. धोट्यातसुद्धा.

विणकराची लेक
मुलींचा वाटा! आमच्यात धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरल्या आईनं आणि मी. तुटलेलं सूत सांधलं मी. भावानं माग विकला तेव्हा मला फोनसुद्धा नाही. वर आईनं शिवलेली वाकळ वहिनीनं कुत्र्याला अंथरली. त्या वाकळीत माझ्या आजीचं लुगडं होतं, ओ.

मंगळवारपेठी
ताई, लग्न होऊन गेल्यावर माहेरच्या चिंध्या मोजायला येऊ नये. आजारपणात आईचं कोणी केलं? वहिनीनंच ना?

विणकराची लेक
चिंध्या म्हणू नका. आईला दवाखान्यात रात्री मी बसत होते. आणि केलं म्हणून वस्तू मिळते, तर माग माझा होता, कारण काम मी केलं होतं.

जुळे सोलापूर
वाकळ शिवणारीची असते. माझ्या सासूबाईंनी प्रत्येक नातवंडाला आपल्या हातानं एकेक दिली, लेकीच्या मुलांनाही. गेल्यावर आमच्यात त्यावरून एक शब्द झाला नाही.

मंगळवारपेठी
प्रत्येकाला पुरेल एवढं असलं तर भांडण कशाला होईल? माग एकच असतो. तो बहिणीच्या सासरी नेऊन लावणार कोण?

विणकराची लेक
मी लावला असता. विचारलं का कोणी?

साखरपेठकर
तेच म्हणतोय मी. ज्याच्या हाताला काम येतं त्याला हत्यार, मग मुलगा असो, मुलगी असो की शेजारचा पोरगा. नारळी पौर्णिमेला विणकरांच्या मार्कंडेयाच्या रथामागं सोलापूरचा अख्खा पूर्व भाग चालतो. त्यातल्या किती पोरांना मागावर ताणा, म्हणजे उभं सूत, जोडता येतो?

पूर्वभागातला
मला येत नाही. वडिलांनीच शिकू दिलं नाही. "तू शीक, नोकरी धर, या खड्ड्यात उतरू नको," म्हणायचे. त्यांचीच इच्छा धरायची तर मी केलं ते बरोबर होतं.

साखरपेठकर
हे मला तोडता येत नाही. पण माग विणणाऱ्या कोणाला देऊ का, एवढं त्यांना विचारायचं होतं.

पूर्वभागातला
विचारायला हवं होतं, एवढं मान्य, त्याच्या पुढं एक पाऊल नाही. आईची शिलाई मशीन आहे. आज तिलाच विचारतो आणि कोर्टाजवळच्यांनी सांगितलं तसा कागद करतो. धाकट्या बहिणीचं नाव निघालं तर तिनं दिवाळीआधी घेऊन जावी, माझ्याकडं ठेवायला जागा नाही.