मदत हवी आहे : आईबाबांना घेऊन लडलो आणि आसपास (गाडी नाही, ट्रेननेच फिरायचंय)

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरमध्ये आईबाबा साताऱ्याहून आमच्याकडे बर्मिंगहॅमला येतायत. लंडन, बाथ, लेक डिस्ट्रिक्ट यांचे प्लॅन इथे ढिगाने आहेत, ते मी वाचलेत. पण बाबांनी फोनवर सरळ सांगितलंय की मला गर्दीतलं काही दाखवू नकोस, एखादं जुनं बाजाराचं गाव निवांत बघू आणि जमलं तर क्लाइव्हचा, म्हणजे प्लासीवाल्या रॉबर्ट क्लाइव्हचा मुलूख बघू. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. १७५१ चा अर्काटचा वेढा, गुत्तीचे मुरारराव घोरपडे मराठी घोडदळ घेऊन वेढ्यात अडकलेल्या क्लाइव्हच्या मदतीला निघाले आणि ती बातमी लागल्यावर वेढा घालणाऱ्या रझासाहेबाने घाईने शेवटचा हल्ला केला, हे आम्ही लहानपणी जेवताना ऐकलेलं आहे. म्हणून क्लाइव्हचा जिल्हा श्रॉपशायर ठरवलाय आणि मुक्काम लडलोला करावा असं मनात आहे.

लडलोच का, तर गाव छोटं आहे, स्टेशन गावातच आहे, किल्ला, चर्च, बाजार सगळं चालत होतं. नॉर्मन लोकांनी आखून वसवलेलं गाव, किल्ला अकराव्या शतकाच्या शेवटी डी लेसी घराण्याने बांधायला घेतला आणि पुढे वेल्सच्या सरहद्दीचा सगळा कारभार इथून चालायचा. सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर इथेच १५०२ मध्ये पंधराव्या वर्षी वारला, त्याची विधवा कॅथरिन मग धाकट्या भावाशी म्हणजे आठव्या हेन्रीशी लग्न करून राणी झाली आणि पुढे तिच्याशी काडीमोड घेण्यावरूनच इंग्लंडचं चर्च रोमपासून तुटलं. म्हणजे हा मुलगा जगला असता तर काय झालं असतं यावर बाबा एक अख्खी दुपार बोलतील!

पण मला स्वतःला जे सगळ्यात जास्त भिडलं ते वेगळंच आहे. हा पडका किल्ला १८११ मध्ये सरकारकडून विकत घेतला तो क्लाइव्हच्या मुलाने, एडवर्डने. १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा हाच मद्रासचा गव्हर्नर होता. टिपूचा तंबू, त्याच्या सिंहासनावरचं वाघाचं सोन्याचं डोकं हे सगळं आज वेल्शपूलजवळच्या पोविस कासलमध्ये आहे, तो त्याच्या सासरच्या घराण्याचा किल्ला. म्हणजे एकीकडे हे इतकं शांत, सुंदर गाव आणि दुसरीकडे आपल्याकडून गेलेल्या वस्तू, आणि मधे एकच कुटुंब. बाबांना हे दोन्ही दाखवायचंच आहे, एक बघून दुसरं सोडलं तर अर्धवट राहील असं मला मनापासून वाटतं.

आता अडचणी. आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर ती तासभर चालते पण चढ आणि जिने नको. ती अंडंही खात नाही. मी इकडे गाडी चालवत नाही, नवऱ्याला सुट्टी नाही. तर लडलोला दोन रात्री पुरतील का, की श्रुजबरीला राहून रोज ये-जा करणं सोपं? बाजार नक्की कुठल्या वारी असतो? आईला किल्ल्यापेक्षा बाजारातच रस आहे, तिला आपल्या आठवडी बाजारासारखं काहीतरी बघायचंय. पोविस आणि स्टोकसेचं जुनं तटबंदीचं घर एका दिवसात होईल का? आयर्नब्रिजचा जुना लोखंडी पूल पण यात बसवता येईल का? टिपूचा तंबू सध्या मांडलेला आहे का, कोणी अलीकडे गेलं असेल तर प्लीज सांगा, जुनं कापड आहे म्हणून ते आत ठेवतात की काय अशी भीती वाटते.

आगाऊ धन्यवाद.

लेस्टरकर :
ताई, लडलोलाच रहा. श्रुजबरी छान आहे पण मोठं आहे, संध्याकाळी किल्ल्याच्या बाजूने नदीपर्यंत फिरून यायची मजा लडलोलाच. बाजार किल्ल्याच्या दारासमोरच्या चौकात भरतो, सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. म्हणून गुरुवारी जा आणि शनिवारी परत या, आईंना दोन बाजार मिळतील. एक मात्र बघून ठेवा, सप्टेंबरमध्ये किल्ल्यात फूड फेस्टिव्हल असतो, त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत आणि किल्ला नेहमीसारखा शांतपणे बघता येत नाही. त्या वीकेंडच्या पुढेमागे बुकिंग करा.

स्टेशनपासून गावात यायला थोडा चढ आहे, बॅगा असतील तर टॅक्सी घ्या. किल्ल्याचं बाहेरचं आवार हिरवळीचं आणि बरंच सपाट आहे, आईंना तिथे बसवा, बाबा बुरुज चढून येतील. आतलं गोल चॅपल आवर्जून दाखवा, नॉर्मन काळातलं आहे. ब्रॉड स्ट्रीट उतरत खाली जुन्या वेशीपर्यंत आणि पुढे लडफर्ड पुलापर्यंत जाते, उतरताना काही नाही पण परत येताना तो चढ आईंना जाणवेल. सेंट लॉरेन्स चर्चचा टॉवर १३५ फूट आहे, तो फक्त बाबांसाठी. खाली लाकडी आसनं उचलून त्यांच्या खालचं कोरीवकाम दोघांनीही बघा, त्यात देवधर्मापेक्षा साधी माणसं, जनावरं, रोजची कामंच जास्त आहेत.

खाण्याचं: केकमध्ये अंडं असतंच असं धरून चाला, पेस्ट्रीवर पण बरेचदा अंड्याचा हात फिरवतात, विचारून घ्या. फिजेट पाय नावाचा तिकडचा खास पदार्थ सफरचंदाचा म्हणून घेऊ नका, त्यात डुकराचं मांस असतं. चीजच्या वेष्टनावर व्हेजिटेरियन लिहिलेलं बघून घ्या. जॅकेट पोटॅटो, सूप, ब्रेड सगळीकडे मिळतं, आणि किचन असलेली खोली मिळाली तर बाजारातूनच भाजी आणून आई खूष होतील.

मुगाचीखिचडी :
पोविस लडलोहून करू नका! श्रुजबरीला गाडी बदला, वेल्शपूलला उतरा, पुन्हा तेच उलटं, सगळा दिवस स्टेशनांवर जाईल. तुम्ही बर्मिंगहॅमला राहता ना, न्यू स्ट्रीटहून वेल्शपूलला थेट गाडी आहे, अॅबरिस्टविथला जाते तीच, साधारण दोन तासांनी एक असते. घरून सकाळी निघून एका दिवसात होतं. स्टेशनपासून कासल मैलभरच आहे पण चढ आहे, टॅक्सी आधी सांगून ठेवा. तिथल्या बागा उतरत्या गच्च्यांच्या आहेत, आईंनी वरच्या गच्चीवरूनच बघाव्यात, दरीचं दृश्य तिथूनच छान दिसतं. तंबूचं निघायच्या आधी नॅशनल ट्रस्टला (कासल सांभाळणारी संस्था) फोन करून विचारा, तेवढ्यासाठी चाललाय तर अंदाजावर सोडू नका.

स्टोकसे मात्र लडलोहूनच. क्रेव्हन आर्म्स पुढचंच स्टेशन आहे, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, परतीची वेळ आधी बघा. तो राजाचा किल्ला नाही, लडलोच्या लॉरेन्स नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने तेराव्या शतकात बांधलेलं तटबंदीचं घर आहे, १२९१ ला राजाची परवानगी मिळाली आणि १२९४ ला तो समुद्रात बुडून मेला. लोकरीच्या पैशाने लडलोसारखी गावं कशी उभी राहिली ते तिथल्या दिवाणखान्यात उभं राहिलं की कळतं, बाबांना फार आवडेल. आयर्नब्रिजला ट्रेन नाही, टेलफर्डहून बस किंवा टॅक्सी, तोही दिवस वेगळा काढा. १७७९ चा ओतीव लोखंडाचा पूल आहे, घाईत नको.

सीनियर रेलकार्ड दोघांचं काढा, ६० वर्षांवरच्यांना तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते.

धागाकर्ती :
खूप खूप आभार दोघांचे. बर्मिंगहॅमहून थेट गाडीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, पोविस तसंच करतो. लडलो गुरुवार ते शनिवार, शुक्रवारी सकाळी बाजार आणि दुपारी स्टोकसे, आयर्नब्रिज नंतर बघू. बाबांना श्रुजबरीच्या चौकातला क्लाइव्हचा पुतळा बघायचाय, २०२० मध्ये तो हटवा म्हणून मोहीम झाली होती ते त्यांनी पेपरात वाचलंय, तर परतताना तिथे उतरून दोन तास थांबू. आता एकच राहिलं, क्लाइव्हला पुरलंय ते मोर्टन से गाव. मार्केट ड्रेटनच्या जवळ आहे पण तिथे रेल्वेच नाही. श्रुजबरीहून बसने मार्केट ड्रेटन आणि पुढे टॅक्सी असं कोणी केलंय का? त्या छोट्या चर्चचं दार एरवी उघडं असतं का, की आधी कोणाला विचारावं लागतं?