सिव्हिल कुठल्या खात्याचं? आणि आपल्या अकरा आमदारांनी मागायचं काय?

बाळीवेस_७:
अधिवेशन आलं की आरोग्यावर एक-दोन लक्षवेधी लागतात, मंत्री 'चौकशी करू' म्हणतात आणि विषय बारगळतो. म्हणून धागा काढतोय. आपल्या सोलापूर जिल्ह्याचे अकरा आमदार आहेत. आरोग्यव्यवस्था सुधारायची तर त्यांनी सभागृहात नेमकं काय मागावं?

माझं मत आधी सांगतो. राजस्थानने 21 मार्च 2023 ला आरोग्य हक्काचा कायदा विधानसभेत मंजूर केला, देशात पहिला. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता उपचार द्यायचे, त्याला पैसे भरता आले नाहीत तर सरकारने भरायचे. महाराष्ट्रात असा कायदा हवा.

दुसरं, आपल्याकडचा खात्यांचा घोळ. ऑगस्ट 2023 मध्ये मंत्रिमंडळाने सरकारी दवाखान्यांत मोफत उपचारांचा निर्णय घेतला, 15 ऑगस्टपासून लागूही झाला. पण तो सार्वजनिक आरोग्य विभागापुरता. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण खात्याची, ती त्यात नव्हती. आणि सोलापूरकर ज्याला 'सिव्हिल' म्हणतो ते महाविद्यालयाचंच रुग्णालय. म्हणजे अक्कलकोटच्या ग्रामीण रुग्णालयातून एखाद्या बाईला 'पुढे न्या' म्हणून चिठ्ठी दिली, तर तिकडे जे फुकट होतं त्याला इथे खिडकीवर पैसे. रक्कम किरकोळ असेल. पण त्या बाईला काय सांगणार, की तुमचं खातं बदललं?

दहा_बारा_खाटा:
मी डॉक्टर आहे, लहानसं नर्सिंग होम चालवतो. कायद्याला माझा ठाम विरोध.

राजस्थानचं अर्धंच सांगितलंत. तिथले खाजगी डॉक्टर दोन आठवडे संपावर होते. 4 एप्रिलला समझोता झाला आणि 50 पेक्षा कमी खाटांची, तसंच सरकारी जमीन किंवा सवलत न घेतलेली रुग्णालयं कायद्याबाहेर ठेवायचं ठरलं. मग राहिलं काय? शिवाय कायद्याचे नियम पुढे वर्षभर अडकलेले होते.

'सरकार पैसे भरेल' हे वाक्य मी खूप ऐकलंय. एका विमा योजनेतलं माझं बिल सात महिन्यांनी आलं, तेही कापून, कारण एका कागदावर डिस्चार्जची वेळ लिहायची राहिली होती. त्या सात महिन्यांत सिस्टरचा पगार, ऑक्सिजन, वीजबिल कुणी थांबवलं होतं का? मोठ्या रुग्णालयांना हे झेपतं. आमच्यासारखे बंद पडतील आणि पेशंट आपसूक मोठ्यांकडे जाईल. असा कायदा गरिबाच्या नावाने होतो आणि फायदा कॉर्पोरेटचा.

चादर_टावेल:
डॉक्टरसाहेब, राग नको. पण आमचं बी ऐका.

दोन वर्षं झाली, चुलतभावाला होटगी रोडला गाडीनं उडवलं. रात्रीचे साडेअकरा. जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेलो. कौंटरवरचा पोरगा म्हणतो, आधी पन्नास हजार. माझ्याकडं कारखान्याचा आठवड्याचा पगार, साडेतीन हजार, पाकिटातच. भाऊ स्ट्रेचरवर, पँट रक्तानं चिकटलेली, अन मी मोबाईलवर एकेकाला उठवायलो. चाळीस मिनिटं गेली. पाय वाचला, पण वाकडा हाय, मागावर उभं राहणं बंद.

सात महिने बिल आलं नाही ते वाईटच. पण तुमच्या सात महिन्यासाठी त्याची चाळीस मिनिटं कशापायी?

दहा_बारा_खाटा:
ते चुकीचंच होतं. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. अपघातग्रस्ताला तातडीचे उपचार नाकारायचे नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगून ठेवलंय, सरकारी असो वा खाजगी. महाराष्ट्रात नर्सिंग होमचे नियम 2021 मध्ये सुधारले, त्यात दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावायची आहे. माझ्याकडे दोन्ही लावलंय. आहे ते पाळलं जात नाही आणि तुम्ही अजून एक मागताय.

बाळीवेस_७:
हेच तर. न्यायालय सांगतं, पण त्या रात्री कौंटरवर उभ्या माणसाने तक्रार कुणाकडे करायची, किती दिवसांत निकाल, दंड किती आणि डॉक्टरचे पैसे कोण देणार, हे कायद्यात लिहिल्याशिवाय सनद भिंतीवरच राहते. भिंतीवर आमच्याकडे 'थुंकू नये' पण लिहिलेलं असतं.

स्टोअरचा_माणूस:
निवृत्त आहे, सरकारी औषध भांडारात हयात गेली. दोघांचंही भांडण मला दुय्यम वाटतं. हक्क दिला आणि कपाटात औषध नसेल तर?

मागणीपत्रक पाठवायचं इंजेक्शनच्या पाचशे व्हायलचं, येणार दीडशे, तेही मुदत चार महिन्यांवर आलेले. मग वॉर्डातून कोऱ्या चिटोऱ्यावर नाव लिहून नातेवाईक बाहेरच्या मेडिकलला. ते चिटोरं म्हणजे खरा केसपेपर! मोफत उपचारातला निम्मा खर्च त्यावर होतो. (निम्मा हा माझा अंदाज, कुणी आकडा मागू नका.)

आपल्याकडे औषधखरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे दिली, तक्रारी वाढल्या, मग 2023 मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदेडला चोवीस तासांत 24 रुग्ण दगावले आणि औषधटंचाईवर राज्यभर ओरड झाली. तमिळनाडूने 1994 मध्ये औषधखरेदीचं महामंडळ काढलं. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं, प्रत्येक दवाखान्याला पासबुक, त्यात खपाप्रमाणे माल उचलायचा, आणि वाटपाआधी प्रयोगशाळेत तपासणी. त्यात जादू कुठलीच नाही, गोदामाचा हिशोब आहे. आमदारांनी विचारायचं तर हे विचारावं: सोलापूरच्या गोदामात आज काय शिल्लक आहे आणि ते आम्हाला मोबाईलवर का दिसत नाही?

आशा_कुंभारी:
काकांशी सहमत, फक्त औषध देणारा माणूस पण पाहिजे.

मी आशा सेविका आहे. आमच्याकडे विडीवाल्या बायका जास्त, रे नगर या कामगारांच्या वसाहतीत राहायला आलेल्या पण आहेत. खोकला सहा-सहा महिने अंगावर काढतात. मी म्हणते चला, तर म्हणतात, "एक दिवस गेला तर हजार विड्या गेल्या गं बाई." त्या दिवसाची मजुरी कोण देणार? फुकट उपचार त्यांना महागच पडतो. कशीबशी नेली आणि तिथे साहेब मीटिंगला गेलेले असले की पुढच्या वेळी ती माझं ऐकत नाही. रिकाम्या जागा भरा, संध्याकाळी ओपीडी चालू ठेवा. कायदा काय करायचाय तो करा नंतर.

दहा_बारा_खाटा:
ताई, संध्याकाळच्या ओपीडीचं बरोबर आहे. माझ्याकडे या बायका सात वाजता येतात, त्याचं कारण हेच. मला वाटायचं विश्वास आहे म्हणून येतात!

बाळीवेस_७:
ताईंचं वाचून माझी मागणी थोडी फिरवतो. पण 'कायदा नंतर' याला माझा विरोधच आहे. नंतर म्हणजे कधीच नाही. 2012 मध्ये मोफत उपचारांची जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात सोलापूर होतं. पुढे तिला महात्मा फुलेंचं नाव मिळालं, 2023 मध्ये उपचारखर्चाची मर्यादा दीड लाखाची पाच लाख जाहीर झाली, पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही घेतलं. चांगलंच झालं. पण ते सगळं शासन निर्णयावर. निर्णय बदलायला एक मंत्रिमंडळ बैठक पुरते, कायदा बदलायला सभागृहात उभं राहून बोलावं लागतं. आणि योजना ठरावीक उपचारांना आहे, विडीवाल्या बाईचा खोकला त्यात बसत नाही.

तर आमदारांना पत्र लिहितो. एक, दोन्ही खात्यांच्या रुग्णालयांत एकच नियम. दोन, औषधसाठा रोज जाहीर. तीन, संध्याकाळची ओपीडी. चार, तातडीच्या रुग्णाचा कायदा, आणि त्यात डॉक्टरांचं बिल ठरल्या दिवसांत दिलं नाही तर सरकारला व्याज.

दहा_बारा_खाटा:
व्याजाचं कलम टाकलंत तर चौथ्या मुद्द्यावर विचार करीन. सही आत्ताच मागू नका. आणि 'ठरल्या दिवसांत' असं मोघम नको, तीस दिवस लिहा.

स्टोअरचा_माणूस:
तीस दिवसांत सरकारी बिल! डॉक्टर, तुम्ही अजून तरुण दिसता.

चादर_टावेल:
पत्र करताव तर मला बी वाचायला द्या. मागच्या वेळचं निवेदन बघितलो, 'बाह्यरुग्ण नोंदणी शुल्क' लिहिलेलं. केसपेपरचे पैसे म्हणा की सरळ. आईला वाचून दाखवायचंय, तिची पण सही घेणार हाय.

बाळीवेस_७:
केसपेपर केलं. रविवारी सकाळी पार्क चौकात भेटू, येताना पेन आणा, मागच्या वेळी एकाच पेनवर अडीच तास गेले.