नवी चेन टाकल्यापासून चढावर चेन घसरते. घरच्या घरी दोष कसा शोधावा?

गंगापूर रोडकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझी सायकल हायब्रिड असून तिला पुढे तीन आणि मागे आठ गिअर आहेत. ब्रेक रिमवर धरणारे साधे व्ही-ब्रेक आहेत. एरवी सकाळी नाशिकजवळच्या गंगापूर धरणापर्यंत आणि सवड असेल तेव्हा त्र्यंबकेश्वरपर्यंत जाणे-येणे असते, आणि पावसाळ्यातही त्यात खंड पडत नाही. यंदाच्या पावसानंतर सायकल सर्व्हिसिंगला दिली तेव्हा चेन पूर्ण झिजल्याचे सांगून दुकानदाराने नवी बसवली. तेव्हापासून सपाट रस्त्यावर काहीही त्रास नाही, परंतु चढ लागला आणि पायडलवर जोर दिला की ‘कट्’ असा आवाज होऊन चेन मागच्या दात्यांवरून घसरते. पेठ रस्त्याच्या सावळघाटात तर उभे राहून पायडल मारण्याची धास्तीच वाटते, कारण चेन घसरली की पाय एकदम रिकामा खाली जातो.

सायकल दुकानात परत नेली तेव्हा गिअर पुन्हा सेट करून मिळाले, पण फरक पडला नाही, आणि आता पुढची-मागची सगळी दातेरी चक्रे बदलावी लागतील असे सांगण्यात आले आहे. एवढा खर्च करण्याआधी नेमका दोष कुठे आहे हे मला स्वतः तपासून पाहायचे आहे. पुढच्या वर्षी पंढरपूरच्या सायकलवारीला जाण्याचा मानस असल्यामुळे निदान एवढी दुरुस्ती आपल्या हाताने करता यावी, अशी मनापासून इच्छा आहे. माझ्याकडे अ‍ॅलन कीचा संच, स्क्रू ड्रायव्हर आणि पंक्चरचे सामान आहे. आणखी काही हत्यारे लागत असतील तर घेण्याची तयारी आहे. तसेच पावसात भिजलेल्या चेनची काळजी कशी घ्यावी, हेही जाणकारांनी सांगावे.

सातपूरचा टर्नर

आपण वर्णन केलेली लक्षणे झिजलेल्या कॅसेटवर (मागच्या दातेरी चक्रांच्या संचावर) नवी चेन चढवल्याची आहेत, असे माझे मत आहे. तरीही मापाशिवाय कुठलाही भाग बदलू नये.

सायकलच्या चेनमध्ये एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी असते. चेन वापरात लांबते ती पट्ट्या ताणल्या गेल्यामुळे नव्हे, तर प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीचा आतला भाग एकमेकांवर घासून सांध्यात ढिलाई आल्यामुळे. एका सांध्यातली ढिलाई डोळ्यांना दिसत नाही, पण शंभराहून अधिक सांध्यांमध्ये ती साठत जाते. लांबलेली चेन दात्यांच्या बुडाशी न बसता थोडी वर सरकून बसते आणि दात्यांनाही आपल्या मापाप्रमाणे खात जाते. जुनी चेन आणि जुने दाते असे दोघे बरोबरीने झिजलेले असतात, म्हणून त्यांचे एकमेकांशी जमते. त्याच दात्यांवर अचूक मापाची नवी चेन आली की ताण सगळ्या दात्यांवर वाटला जात नाही आणि जोर पडताच ती उसळी मारून पुढच्या दात्यावर जाते. सपाटीवर त्रास न होण्याचे कारणही हेच आहे, तिथे तेवढा जोर पडत नाही.

जुनी चेन दुकानातून मिळाली असेल तर ती पुसून एखाद्या खिळ्याला लटकवा, म्हणजे स्वतःच्या वजनाने सरळ राहील. स्टीलच्या पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर धरा आणि तिथून विसाव्या पिनचा मध्य कुठे येतो ते पाहा. पहिली पिन मोजायची नाही. नव्या चेनमध्ये हे अंतर २५४ मिमी भरते. आठ गिअरच्या चेनमध्ये ते २५६ मिमीच्या आसपास गेले की चेन बदलावी, म्हणजे कॅसेट वाचते. अकरा-बारा गिअरच्या चेनला एवढी सूट नसते, तिथे अर्धा टक्का वाढ झाली की चेन बदललेली बरी. प्लॅस्टिकची पट्टी वापरू नका, तिने माप चुकू शकते. चेन मोजण्याचे खास गेज बाजारात मिळते, परंतु आपल्या सातपूर-अंबडच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये असणारी स्टीलची पट्टी या कामाला पुरेशी आहे.

दुसरी परीक्षा रस्त्यावरची आहे. मोकळ्या, रहदारी नसलेल्या सौम्य चढावर, बसूनच, मागचा एकेक गिअर टाकून हळूहळू जोर देत जा आणि कोणत्या चक्रावर चेन घसरते ते लिहून ठेवा. रोजच्या वापरातल्या दोन-तीन चक्रांवरच घसरत असेल आणि क्वचित वापरल्या जाणाऱ्या चक्रांवर घट्ट धरत असेल, तर दोष कॅसेटचाच समजावा.

निफाडचा सायकलस्वार

वरील प्रतिसाद योग्यच आहे, मात्र कॅसेट विकत घेण्यापूर्वी आणखी दोन शक्यता तपासाव्यात असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण त्या दोन्हींचा खर्च जवळपास शून्य आहे.

पहिली शक्यता आखडलेल्या कडीची. नवी चेन जोडताना पिन दाबून बसवली असेल तर त्या ठिकाणची कडी अनेकदा ताठ राहते. सायकल उलटी करा, पायडल हाताने सावकाश मागे फिरवा आणि मागच्या डिरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेच्या) दोन लहान चाकांमधून चेन जाताना बारकाईने पाहा. आखडलेली कडी तिथे वळताना सरळ होत नाही आणि डिरेलरचा दांडा किंचित उडतो. अशा कडीमुळे येणारा झटका कोणत्याही गिअरवर, ठरावीक अंतराने येतो. समजा चेनमध्ये ११४ कड्या आहेत आणि पुढे ३८ दात्यांवर ती चालते आहे, तर बरोबर दर तीन फेऱ्यांनंतर झटका बसेल. ती कडी दोन्ही हातांत धरून आडव्या दिशेने, म्हणजे चेन एरवी वळत नाही त्या बाजूला, हलकेच वाकवली की सहसा मोकळी होते.

दुसरी शक्यता केबलची. केबलचा ताण बिघडला असेल तर चेन दोन चक्रांच्या मध्ये लटकते, सतत किरकिर ऐकू येते आणि गिअर आपोआप बदलतो. डिरेलरमागचा केबलचा गोल नट अर्धा-पाव फेरा फिरवून हे जुळवता येते. आपल्या बाबतीत गिअर सेट करूनही फरक पडलेला नाही, त्यामुळे ही शक्यता कमी वाटते. एवढे करताना डिरेलर मागून पाहा; त्याची दोन्ही लहान चाके वरच्या चक्राच्या सरळ रेषेत नसतील, तर सायकल उजव्या अंगावर पडून हँगर, म्हणजे डिरेलर ज्यावर बसतो तो फ्रेमचा भाग, वाकलेला असू शकतो.

इंदिरानगर सकाळफेरी

मी फक्त पावसाळ्यातल्या देखभालीबद्दल लिहितो, कारण चेन इतक्या लवकर झिजण्याचे मूळ तिथेच आहे. त्र्यंबक रस्त्यावर पावसात चाकाबरोबर उडणाऱ्या पाण्यात आपल्या काळ्या दगडाचा बारीक चुरा असतो. हा चुरा चेनवरच्या तेलात मिसळला की तयार होणारा काळा लगदा कानशीसारखे काम करतो. दिंडोरी रस्त्यावर द्राक्षबागांतून निघणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांना लागलेली माती त्यात भर घालते.

म्हणून घरी आल्यावर सायकल तशीच कोपऱ्यात लावू नये. साध्या नळीने, धार फार जोराची न ठेवता, चिखल धुवावा. गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाने सायकल धुण्याची पद्धत आपल्याकडे वाढते आहे आणि ती मला अत्यंत घातक वाटते, कारण ती धार हबमध्ये (चाकाच्या तुंब्यात) आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये (पायडलच्या आसाच्या जागी) शिरून छर्‍यांवरचे ग्रीस बाहेर काढते. त्याचा परिणाम लगेच न दिसता काही महिन्यांनी खरखरीच्या रूपाने समोर येतो. चेन जुन्या फडक्याने धरून पायडल मागे फिरवत पुसावी, पूर्ण वाळू द्यावी आणि मगच तेल द्यावे. तेल चेनच्या आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एकेक थेंब असे द्यावे, थोडा वेळ मुरू द्यावे आणि बाहेरचे सगळे तेल कोरड्या कापडाने पुसून काढावे. बाहेरच्या पट्ट्यांवर राहिलेल्या तेलाचा चेनला काहीही उपयोग नसतो, ते फक्त धूळ धरते.

अनेक दुकानांत चेन डिझेलने धुतात. त्याने चेन स्वच्छ होते हे मान्य आहे, परंतु सायकलवर चढलेल्या चेनला डिझेल लावण्याच्या मी विरोधात आहे. त्याचे शिंतोडे रिमवर आणि ब्रेकच्या रबरावर गेले तर ब्रेक लागेनासे होतात, आणि ओघळ कॅसेटच्या आत गेला तर तिथले ग्रीस विरघळते. चेन काढून डब्यात धुणार असाल तर हरकत नाही. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा स्प्रे पाणी हटवण्यासाठी चांगला आहे, पण तेलाच्या जागी त्यावर भिस्त ठेवू नये, कारण तो चेनवर टिकत नाही.

याच वेळी ब्रेकचे रबरही पाहावे. त्यात रुतलेले खडे आणि अ‍ॅल्युमिनियमचे चमकते कण टाचणीने उकरून काढले नाहीत, तर ते प्रत्येक ब्रेकगणिक रिम खरवडत राहतात.

गंगापूर रोडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुनी चेन दुकानदाराने सोबत दिली होती. खिळ्याला लटकवून मोजली तेव्हा अंतर २५७ मिमी भरले. आखडलेली कडी आढळली नाही आणि डिरेलर सरळ आहे. सौम्य चढावर पाहिले असता मागच्या लहान बाजूकडून तिसऱ्या आणि चौथ्या चक्रावरच चेन घसरते, आणि मी बहुतेक वेळ त्याच दोन गिअरवर असतो. पुढचे मधले चक्र मात्र घट्ट धरते आहे. आता कॅसेट बदलायची तर कोणती हत्यारे लागतील?

सातपूरचा टर्नर

२५७ म्हणजे एक टक्क्याहून अधिक वाढ झाली, तेव्हा मागची चक्रे गेली यात शंका उरली नाही. पुढची चक्रे मात्र बदलू नका. त्यांना दाते जास्त असल्यामुळे ती सावकाश झिजतात, आणि आपल्या परीक्षेत मधले चक्र उत्तीर्ण झाले आहे.

खरेदीपूर्वी मागे कॅसेट आहे की आट्यांवर बसणारे फ्रीव्हील आहे, ते पाहून घ्या, कारण दोन्हींचा पाना वेगळा असतो. चाक काढून चक्रे मागच्या दिशेने फिरवा. पाना बसण्याच्या खाचा चक्रांबरोबर फिरल्या तर कॅसेट, आणि खाचा स्थिर राहून फक्त चक्रे फिरली तर फ्रीव्हील. आठ गिअर असल्याने बहुधा कॅसेटच निघेल. तिच्यासाठी लॉकरिंगचा, म्हणजे चक्रे जागी दाबून धरणाऱ्या कड्याचा, पाना लागतो आणि चक्रे फिरू नयेत म्हणून ती धरून ठेवणारा चेनचा चाबूक लागतो. हा चाबूक विकत घेण्याची गरज नाही. हातभर लांबीच्या लोखंडी पट्टीला एका टोकाजवळ दोन भोके पाडा, एकाला आपल्या जुन्या चेनचा वीतभर तुकडा आणि दुसऱ्याला दोन-तीन कड्यांचा लहान तुकडा बोल्टने बसवा, की काम झाले.

चाबकाने चक्रे जागीच रोखून धरा आणि लॉकरिंग घड्याळाच्या उलट दिशेने सोडवा. चक्रे बाहेर येतील तशी त्यांच्यामधल्या वायसरांसकट त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवा. नवी कॅसेट जुन्या इतक्याच दात्यांची घ्या, म्हणजे चेनची लांबी बदलावी लागणार नाही. फ्रीहबवरच्या, म्हणजे चक्रे ज्यावर सरकून बसतात त्या नळकांड्यावरच्या, खाचांपैकी एक खाच इतरांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते. ती जुळली तरच चक्र आत जाते, तेव्हा ठोकून बसवू नका. खाचांना ग्रीसचा पातळ हात द्या. लॉकरिंग ४० न्यूटन मीटरपर्यंत आवळायचे असते. टॉर्कचा पाना नसेल तर हातभर पान्याने चांगला जोर लावून आवळा, शेवटी लॉकरिंगच्या खालच्या रेघांचा करकर आवाज येतो. त्यानंतर गिअर एकदा तपासा आणि सावळघाटात जाण्याआधी घराजवळच्याच एखाद्या चढावर, प्रथम बसून आणि मग उभे राहून, प्रत्येक चक्रावर जोर देऊन पाहा.