मदत हवी आहे: चढावर पाय दाबला की गाडी थरथरते

मंडळी, गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक. खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला की पुढून अख्खी गाडी थरथरते, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा डोलायला लागतो. पाय उचलला की त्याच वेगात एकदम शांत! सपाटीला ९० च्या वेगातही काही नाही, त्यामुळे व्हील बॅलन्सिंगचा संशय नाही. (टायरवाल्याने तरी पैसे घेऊन करून दिलंच.)

प्लग नवे आहेत, चेक इंजिनचा दिवा लागत नाही. मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) असतं तर गचके बसले असते, पिकअप पडला असता. इथे ओढ झकास आहे. खाली वाकून बघितलं तर डाव्या ड्राइव्ह शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा दांडा) गिअरबॉक्सकडच्या रबरी बुटाला चीर गेलीय आणि आजूबाजूला काळं ग्रीस उडालंय. मला तर त्या बुटातला, म्हणजे शाफ्टचा आतला जॉइंटच गेलेला वाटतोय. मेकॅनिक मात्र इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) बदलायचंच म्हणून बसलाय.

माउंटिंग खराब असेल तर गाडी जागेवर उभी असतानाही थरथर जाणवायला हवी ना? नुसता आतला जॉइंट बदलून मिळतो, की अख्खा शाफ्टच घ्यावा लागतो? आणि तोवर साताऱ्याला न्यायची रिस्क घ्यावी का?