मदत हवी आहे: गिझरच्या वायरचा जोड

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घरात गिझरची वायर मधेच जोडलेली निघाली. जुनी ॲल्युमिनियमची, नवी तांब्याची, नुसती पिळून वर काळी टेप. टेप वितळून चिकट झालीय, आतली तार काळवंडलीय. हे दोन धातू थेट पिळले की जोड हळूहळू सैल होऊन तापतो, आणि २००० वॉटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो. सध्या एमसीबी (बोर्डातला सुरक्षा स्विच) पाडून ठेवलाय.

वायरमन म्हणतो, "नवी टेप मारतो, काही होत नाही." मला अजिबात पटत नाही, दिवसभर घरात आई एकटी असते.

बोर्डापासून अखंड ४ स्क्वेअरची (४ चौरस मिमी जाडीची) तांब्याची वायर ओढून घ्यावी, की जंक्शन बॉक्समध्ये चिनीमातीचा कनेक्टर चालेल? भिंत फोडावी लागेल का? पेठेत येणारा परवानाधारक वायरमन माहीत असेल तर प्लीज कळवा.